फुलांविना आमरीची ओळख कठीण

आमरी अर्थात ऑर्किड कुलातील वनस्पतींची ओळख प्रामुख्याने फुलावरून ठरते. ओष्ठ म्हणून ओळखली जाणारी निराळ्या आकाराची पाकळी, पुंकेसर व स्त्रीकेसर एकत्र येऊन बनलेला स्तंभ आणि परागपुंज यांची रचना त्यासाठी निर्णायक असते. बहर ओसरताच नेमके हेच अवयव सुकतात.

सह्याद्रीत ही अडचण प्रकर्षाने जाणवते. हॅबेनारिया प्रजातीतील आमरी पावसाळ्यात फुलतात. नंतर त्यांची पाने वाळतात व मातीत केवळ कंद उरतात. डेंड्रोबियम बार्बाट्युलम ही झाडांवर वाढणारी आमरी पानगळीनंतर फुलते. फुले गेल्यावर फांदीवर फक्त फुगीर खोडे दिसतात. उन्हाळ्याच्या अखेरीस फुलणाऱ्या सीतेच्या वेणीची पाने बारमाही असली, तरी बहर नसताना ती एरिडिस प्रजातीतील आमरींसारखी भासते.

अशा वेळी पानांची मांडणी व टोक, खोडाचा आकार, वाळलेला फुलोरा आणि बोंडे यांचा आधार घेतला जातो. त्यावरून बहुधा प्रजाती कळते. जातीची खात्री मात्र अनेकदा होत नाही.

रस्ता, खाण वा धरणापूर्वीचे सर्वेक्षण केवळ हिवाळ्यात वा उन्हाळ्यात झाल्यास जमिनीतील आमरी नोंदीतून सुटतात आणि नोंद नसलेल्या वनस्पतीला संरक्षणही मिळत नाही. त्यामुळे रोप न उपटता जागा, तारीख व आश्रयवृक्ष नोंदवून बहराच्या हंगामात पुन्हा पाहणी करणे, हाच खात्रीचा मार्ग ठरतो.