शिंदे की छावनी, सरकारी शाळा आणि गंगाजळी

आपल्या मोहल्ल्याच्या नावातच आपला इतिहास आहे. 'शिंदे' मराठी आणि मधली 'की' हिंदी. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ टाकला, तंबूंच्या जागी हळूहळू वाडे उभे राहिले आणि तळाचं लश्कर शहर झालं. तळामागोमाग कारकून, भिक्षुक, शिलेदार आले, म्हणजे आपली मंडळी. शाळा त्यानंतर आल्या. त्या कुणी काढल्या आणि कुणाच्या पैशावर चालल्या, हे जरा सविस्तर लिहायचं आहे.

निमित्त कॅलिफोर्नियाचं. आपल्यातली बरीच मुलं तिकडे स्थायिक आहेत. त्यांच्याकडे राहून आलेले आजी-आजोबा एक गोष्ट नवलानं सांगतात. नातवाची शाळा सरकारी, फी एक डॉलर नाही, तरी दर वर्षी पालकांना वर्गणीचं पत्र येतं! ते पत्र शाळा पाठवत नाही, गावातली 'एज्युकेशन फाउंडेशन' पाठवते. ही रीत तिकडे फोफावली ती 1978 नंतर. त्या वर्षी मतदारांनी घरपट्टीवर मर्यादा घातली. शाळांचा मोठा आधार तीच घरपट्टी होती. मग गावोगावी पालक आणि दुकानदार एकत्र आले. पगार आणि इमारत सरकारकडे, आणि संगीताचा शिक्षक, ग्रंथालय, प्रयोगशाळेचं सामान, एखाद्या शिक्षकाला नवा प्रयोग करायला लागणारी छोटी रक्कम, हे फाउंडेशनकडे. सरकारचं काम सरकारनं करायचं, आणि जिथे सरकारचा हात पोचत नाही तिथे गावानं उभं राहायचं, असा तो हिशेब.

आपल्याकडे असं कधी होतं का? ग्वाल्हेरचं उत्तर सोपं नाही.

आपल्याकडे शाळा वरून आली. जयाजीरावांच्या काळात, 1846 मध्ये, लश्करचा मदरसा निघाला. व्हिक्टोरिया कॉलेज, म्हणजे आजचं महाराणी लक्ष्मीबाई कॉलेज, त्याच मुळाचं. 1852 मध्ये दिवाण झालेले दिनकरराव राजवाडे मूळचे देवरुखचे. कोकणातला हा हुशार माणूस इथे राज्यकारभाराची घडी बसवून गेला. पुढे माधवराव महाराजांनी 1897 मध्ये किल्ल्यावर सरदारांच्या मुलांसाठी शाळा काढली. 1933 मध्ये तिची सिंधिया स्कूल झाली, तीही 'पब्लिक स्कूल'. या शब्दाची गंमत बघा. आपल्या शहरात 'पब्लिक' शाळा किल्ल्यावर, आणि पब्लिकची शाळा खाली बाड्यावर!

बाड्यावरची म्हणजे गोरखी. वाड्याच्या आवारातली ही सरकारी शाळा लश्करच्या कित्येक घरांची शाळा होती. 25 डिसेंबर 1924 रोजी शिंदे की छावनीत जन्मलेले अटलजी याच शाळेत शिकले. त्यांचे वडील कृष्णबिहारी वाजपेयी स्वतः शिक्षक होते. मास्तरांचा मुलगा सरकारी शाळेतून व्हिक्टोरिया कॉलेजात आणि तिथून पंतप्रधानपदापर्यंत गेला. आपल्या आजोबा-पणजोबांचा रस्ताही सुरुवातीला तोच होता, फक्त ते रेव्हेन्यूत नाहीतर पोस्टात थांबले.

आता पैशाचं. 'गंगाजळी' हा शब्द आज आपण रिझर्व्ह बँकेच्या बातमीत वाचतो. इथल्या जुन्या माणसांना तो किल्ल्यातल्या तळघरांमुळे माहीत. शिंदे दरबारचा राखीव खजिना म्हणजे गंगाजळी. अडीनडीला काढायचा, एरवी हात लावायचा नाही. 1948 मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं. त्यानंतर या फंडाचा कायद्यानं ट्रस्ट झाला. राजाची पुंजी लोकांच्या कामी लागली, ही मला आपल्या शहराच्या इतिहासातली मोठी गोष्ट वाटते. पण तीही वरूनच आली. छावनीतल्या एखाद्या घरानं शाळेसाठी चार आणे दिले आणि मग त्या चार आण्यांचा हिशेब मागितला, ही सवय आपल्याला लागली नाही. लागणार तरी कशी? दरबार होता ना!

बाकी मराठी मुलखात बघा. बडोद्याला सयाजीरावांनी 1906 मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये ते सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना 1 रुपया दंड. गोखल्यांनी हीच गोष्ट ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मागितली. 1912 मध्ये त्यांचं बिल 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. हे सगळं राजाचं नाहीतर कौन्सिलचं काम. साताऱ्याकडे मात्र वेगळंच घडलं. 1919 मध्ये काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, ही हकीकत आपल्याला पाठ आहे. तिच्या पुढची कमी सांगितली जाते. रयतनं खेड्यांतून शेकडो 'व्हॉलंटरी' प्राथमिक शाळा चालवल्या, गावकऱ्यांच्या मदतीवर, आणि स्वातंत्र्यानंतर त्या सरकारी व्यवस्थेच्या हवाली केल्या. शाळा सरकारची झाली, तरी ती उभी करताना घाम कुणाचा गेला हे गावाला माहीत होतं. माझ्या मते सगळा फरक तिथे आहे.

आपल्याकडे तो घाम कधी लागलाच नाही, म्हणून शाळा सुटली तेव्हा कुणाला जाणवलंही नाही. आपली मुलं इंग्रजी माध्यमात गेली, नातवंडं पुण्या-बंगळूरला. गोरखीच्या आठवणी मात्र आपण अजून काढतो.

कायद्यानं दार उघडं आहे. 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती लागते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका. केंद्राच्या 'विद्यांजली' योजनेत माजी विद्यार्थी आपला वेळ देऊ शकतो किंवा सामान देऊ शकतो, शाळा आपली गरज तिथे नोंदवते. रिटायर झालेले गणिताचे मास्तर, बँकेतून निवृत्त झालेल्या काकू, यांच्यासाठी हे अवघड नाही. आठवड्याचे दोन तास पुरतात. रोख पैसा दिला तर पावती आणि वर्षाचा हिशेब मागावा. त्यात संकोच कसला?

एक सावधगिरी मात्र कॅलिफोर्नियानंच शिकवली. तिकडे श्रीमंत वस्तीची फाउंडेशन भरपूर जमवते आणि गरीब वस्तीची पत्रावरचं पोस्टाचं तिकीट मोजते. इथेही तेच होईल. बाड्यावरच्या शाळेला नावाजलेले माजी विद्यार्थी शंभर मिळतील. बिर्लानगरकडे जे.सी. मिल बंद पडली, तिथल्या प्राथमिक शाळेतून निघालेली मुलं वर्गणी कुठून देणार? म्हणून निधी शाळेगणिक नको. सगळ्या शहराचा एकच असावा, आणि त्यातला पहिला हिस्सा हजिरा, बिर्लानगरच्या शाळांना जावा. गोरखीचा नंबर त्यानंतर लागला तरी चालेल.