थायरॉइडची गाठ : रक्ताचा ‘नॉर्मल’ अहवाल पुरेसा नाही

मानेच्या पुढील भागात, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. तिच्यात गाठ आढळली की अनेक रुग्ण टीएसएचची चाचणी करतात आणि अहवाल ‘नॉर्मल’ पाहून निश्चिंत होतात. ही निश्चिंती फसवी आहे. ग्रंथीचे काम कसे चालले आहे, एवढेच ही चाचणी सांगते. कर्करोग असलेल्या बहुसंख्य रुग्णांतही टीएसएच नॉर्मलच असते. अर्थात, शंभर गाठींपैकी साधारण पाच ते दहाच कर्करोगाच्या निघतात.

स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळतो. मात्र पुरुषाच्या गाठीकडे अधिक संशयाने पाहावे लागते. सर्वांत ठळक कारण म्हणजे बालपणी झालेला किरणोत्सर्गाचा संपर्क. १९८६ साली चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला, तेव्हा किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडले, गाईंच्या दुधात उतरले आणि दुधावाटे मुलांच्या पोटात गेले. आयोडीन शोषून घेणे हे तर थायरॉइडचे कामच! बेलारूस, युक्रेन व रशियात त्या वेळी लहान असलेल्या हजारो जणांना पुढे हा कर्करोग झाला. लहानपणी मानेवर रेडिएशनचे उपचार झालेल्यांनाही धोका असतो.

निदानाची खरी वाट सोनोग्राफीतून जाते. गाठीचे काठ वेडेवाकडे असणे, आत कॅल्शियमचे बारीक कण दिसणे, ही संशयाची लक्षणे. मग बारीक सुईने पेशी काढून तपासतात. तरीही काही अहवाल संदिग्ध राहतात. तेथे बीआरएएफसारख्या जनुकातील बदलांची तपासणी उपयोगी पडते.

थायरोग्लोब्युलिन निरोगी ग्रंथीही तयार करते, म्हणून निदानासाठी ते निरुपयोगी. संपूर्ण ग्रंथी काढल्यानंतर मात्र ते रक्तात वाढू लागले, तर आजार उलटल्याची शंका येते. कॅल्सिटोनिन हे मेड्युलरी या विरळ प्रकाराचे दर्शक. या प्रकाराचे सुमारे एक चतुर्थांश रुग्ण आनुवंशिक असतात. आरईटी जनुकात दोष आढळल्यास रुग्णाच्या मुलांची व भावंडांचीही तपासणी आवश्यक ठरते.

म्हणून सरसकट सर्वांनी सोनोग्राफी करावी काय? दक्षिण कोरियात तसे झाले. १९९३ ते २०११ या काळात तेथे थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण पंधरा पटींनी वाढले, मृत्यूचे प्रमाण मात्र जवळजवळ तेवढेच राहिले. गाठ हाताला लागत असेल, आवाज घोगरा झाला असेल किंवा घराण्यात हा आजार असेल, तर मात्र विलंब करू नये.