तासाभराचे राज्य

तंजावरच्या जुन्या शहराला बाहेरून पायी फेरी घालायला तास-सव्वातास पुरतो. पूर्वेला कीळ अलंगम, पश्चिमेला मेल अलंगम, उत्तरेला वडक्कु अलंगम अशा नावांचे रस्ते लागतात. तमिळमध्ये अलंगम म्हणजे तटबंदी. मराठी कानाला सह्याद्रीतला अलंग आठवतो. पण इथे ना कडा, ना कातळातल्या पायऱ्या. सपाट रस्ता, दुचाकींची दुरुस्तीची दुकाने, केळीच्या पानांचे गठ्ठे, मधूनच खंदकाचा उरलेला एखादा खळगा. व्हिएन्नाच्या बादशहाने १८५७ साली शहराचा तट पाडायचा हुकूम काढला आणि त्या जागी रिंगस्ट्रासे हा भव्य रस्ता झाला. युरोपातल्या जुन्या शहरांची पुस्तके अनुवादत असताना ही हकीकत मला पुन्हा पुन्हा भेटली आहे. तंजावरचा तट असा समारंभाने गेला नाही. तो झिजला, त्याचे दगड हलले, आणि रस्त्यांच्या नावांत तो राहिला.

या फेरीला मी राज्याची प्रदक्षिणा म्हणते, आणि त्यात अलंकार नाही. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सरफोजी दुसरा याने तंजावरचा सगळा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती दिला. त्याच्याकडे राहिला तो किल्ला, म्हणजे हे जुने शहर. शिवाय वर्षाला एक लाख होन आणि महसुलाच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. कावेरीच्या खोऱ्यातली भातशेते, कालवे, बंदरे, सगळे तटापलीकडे गेले. त्या दिवसापासून १८५५ पर्यंत, छप्पन वर्षे, तंजावरचे मराठा राज्य म्हणजे या अलंगमच्या आतली वस्ती एवढाच अर्थ होता. आपल्या शाळेच्या इतिहासात या राज्याला एक परिच्छेद मिळतो. त्यातला अर्धा व्यंकोजी रात्रीतून नदी ओलांडून कसा निघून गेला यात खर्ची पडतो, आणि उरलेला शिवाजी महाराजांनी त्याला लिहिलेल्या पत्रांत. पुढची पावणेदोनशे वर्षे कोरी.

शहर मराठ्यांनी वसवले नाही, हे आधी सांगायला हवे. किल्ला, राजवाड्याचा मूळ भाग, रथ फिरवण्याजोग्या रुंद चार राजवीथी ही सारी नायकांची आखणी, सोळाव्या-सतराव्या शतकांतली. त्याआधीचे शहर चोळांचे. व्यंकोजी, ज्याला इथे एकोजी म्हणतात, आला तो १६७५ च्या आसपास, विजापूरच्या फौजेबरोबर. आणि तयार घरात राहायला आला. म्हणून महाराष्ट्रातून येणारा माणूस इथे शनिवारवाडा शोधतो आणि हिरमुसतो. राजवाड्यात शिरल्यावर चुन्याचे जाडजूड खांब, रंगवलेल्या कमानी, दरबार महाल, आणि बाहेर गोपुरासारखा दिसणारा मजल्यांचा मनोरा. नायकी, मराठी आणि कंपनी सरकारच्या चवीची सरमिसळ इतकी की एक काढून दुसरे दाखवता येत नाही. पूर्व वीथीजवळ लाकडी सज्जांची एक उंच इमारत आहे, तिला सर्जा माडी म्हणतात. माडी हा शब्द तमिळचाही आहे आणि मराठीचाही. मला हा शब्द त्या इमारतीपेक्षा जास्त वेळ थांबवतो.

नैऋत्येला लागून असलेल्या छोट्या किल्ल्यात बृहदीश्वराचे मंदिर आहे. १०१० च्या सुमारास राजराज चोळाने ते पुरे केले आणि जोत्याच्या दगडांवर तमिळमध्ये देणग्यांचे हिशेब कोरले: दागिने, दिवे, मेंढ्या, नर्तकींची घरे. त्यानंतर आठशे वर्षांनी, १८०३ साली, सरफोजीने त्याच मंदिराच्या प्राकाराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. पुराणातल्या मूळपुरुषांपासून सुरुवात होऊन शहाजी, शिवाजी, व्यंकोजी असे करत तो थेट सरफोजीपर्यंत येतो. लोक त्याला सर्वात मोठा मराठी शिलालेख म्हणून बघतात, फोटो काढतात. ओळीमागून ओळ असलेली ती भिंत पाहताना मला मात्र लांबीपेक्षा सालाचा विचार सुटत नाही. १८०२ च्या अखेरीस वसईचा तह झाला होता. १८०३ च्या सप्टेंबरात असईला शिंद्यांचा पराभव झाला, आणि डिसेंबरात नागपूरच्या भोसल्यांनी देवगावला तह केला. ज्या वर्षी उत्तरेकडे मराठ्यांची सत्ता तुटत होती, त्याच वर्षी, जिथे राज्य चार वर्षांपूर्वीच संपले होते अशा गावात, एक निवृत्तिवेतनधारी राजा छिन्नी-हातोडीने वंशावळ लिहवून घेत होता. आणि ती कुणासाठी? दर्शनाला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना मराठी वाचता येत असणार. वाचणारे तटाच्या आतच होते.

सरफोजीला थोर ठरवायची घाई मला नाही. त्याची गादीच कंपनीची देणगी होती: दत्तकपुत्राचा हक्क डावलून चुलता अमरसिंह बसला होता, त्याला १७९८ मध्ये उतरवून कंपनीने याला बसवले. मिशनरी श्वार्ट्झ हा त्याचा गुरू आणि पालक. त्याच्या थडग्यासाठी सरफोजीने इंग्रजीत ओळी रचल्या, आणि लंडनच्या फ्लॅक्समनकडून संगमरवरात त्याच्या मृत्यूचा प्रसंग घडवून घेतला. तो छोट्या किल्ल्याजवळच्या चर्चमध्ये आहे. नेपोलियनवर इंग्रजांनी विजय मिळवला तेव्हा सरफोजीने समुद्रकाठी एक आठमजली बुरूज उभारला. आजही तमिळ लोक त्याला मनोरा म्हणतात, आणि बहुतेकांना तो मराठी शब्द आहे हे माहीत नसते. इंग्रजांच्या विजयाचे स्मारक मराठी नावाने तमिळ किनाऱ्यावर उभे राहते, यातला अवघडपणा लपवण्यात अर्थ नाही. पोथ्यांवर खर्च झालेला पैसाही त्या पाचव्या हिश्श्यातून आला. म्हणजे ज्या शेतकऱ्यांवर त्याची सत्ता नव्हती आणि ज्यांच्याबद्दल त्याची जबाबदारीही उरली नव्हती, त्यांच्या साऱ्यातून.

तरीही सरस्वती महाल ग्रंथालयात गेले की हिशेब बदलू लागतो. नायकांच्या वेळचा पोथ्यांचा साठा मराठ्यांनी सांभाळला, सरफोजीने तो कैक पटींनी वाढवला. १८२० नंतरच्या काशीयात्रेतूनही तो पोथ्या घेऊन आला. आज तिथे ४०,००० हून अधिक हस्तलिखिते आहेत; बहुतेक संस्कृत, मराठी सुमारे ३,०००. युरोपातल्या भाषांची छापील पुस्तके त्याने मागवली ती वेगळीच. वैद्यकावरचे कागद, डोळ्यांच्या रुग्णांची रंगीत चित्रे. हे सारे तटाच्या आत, राजवाड्याच्या एका भागात.

अनुवादक म्हणून माझा जीव गुंततो तो तीन गोष्टींत.

एक म्हणजे इसापनीती. राजवाड्यातल्या छापखान्यात देवनागरी खिळे होते, आणि १८०६ साली तिथे बालबोधमुक्तावली छापली गेली: इसापाच्या कथा, मराठीत. मराठी मुद्रणाचा आरंभ सांगताना आपण श्रीरामपूरला जातो, कारण केरीचे मराठी व्याकरण तिथे १८०५ मध्ये छापले; मग मुंबईला येतो, जिथे पंचोपाख्यान छापायला १८२२ उजाडले. मधल्या काळात कावेरीकाठी, मराठी मुलखापासून हजारभर किलोमीटरांवर, मुलांसाठी मराठी पुस्तक निघाले होते. राज्य हातून गेलेल्या राजाला पहिल्या काही वर्षांत काय छापावेसे वाटले, तर कोल्ह्या-करकोच्याच्या गोष्टी.

दुसरी देवेंद्र कुरवंजी. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार: डोंगरातली कुरत्ती, भविष्य सांगणारी बाई, नायिकेचा हात पाहते आणि बोलता बोलता आपल्या डोंगराचे, देशाचे वर्णन करते. सरफोजीने हा साचा उचलला, मराठीत आणला, आणि कुरत्तीच्या तोंडी घातला जगाचा भूगोल. खंड, देश, नद्या, युरोप, अमेरिका. ज्याचा स्वतःचा मुलूख तासाभरात संपतो त्याने पृथ्वीचे वर्णन करायला भविष्य सांगणारी बाई निवडावी, यावर मी आणखी भाष्य करत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे एका संग्रहाचे नाव: ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’. भरतनाट्यमच्या मांडणीसाठी सरफोजीने रचलेले हे मराठी गीतबंध. कोर्वै हा तमिळ शब्द, ओवण्याशी नाते असलेला. नृत्यसंगीतात बांधलेल्या रचनेला म्हणतात. त्याला मराठी षष्ठी लागून झाले कोर्व्यांचे. साहित्य इथे आपले ‘वाङ्मय’ नव्हे, तर दक्षिणेच्या संगीतातला अर्थ: सुरावटीला बसवलेले शब्द. आणि जिन्नस! पुण्यात हा शब्द वाण्याच्या यादीत किंवा फराळाच्या ताटात सापडेल. तीन शब्दांत तीन भाषांचे व्यवहार, आणि वाचणाऱ्याला कुठेही अडखळल्यासारखे होत नाही. हे नाव मी दुसऱ्या कुठल्याही भाषेत नेण्याचा प्रयत्न करून पाहिला आहे. इंग्रजीत त्याची टीप होते.

ही सरमिसळ सरफोजीने सुरू केली नाही. त्याच्या शंभर वर्षे आधी शहाजी, व्यंकोजीचा मुलगा, तेलुगूत पालखीसेवाप्रबंध लिहीत होता, मराठीत लक्ष्मीनारायण कल्याण लिहीत होता, आणि पंचभाषाविलास नावाच्या नाटकात वेगवेगळ्या देशांच्या राजकन्यांना आपापल्या भाषांत बोलायला लावत होता. मराठीतले पहिले नाटक तंजावरचे की सांगलीला १८४३ मध्ये झालेले विष्णुदास भाव्यांचे, हा वाद आपण अजून घालतो. मला तो निष्फळ वाटतो. भाव्यांपर्यंत तंजावरची नाटके पोहोचलीच नव्हती, तर आधी-नंतरची शर्यत कुणाची? विचारायचे असेल तर ती का पोहोचली नाहीत हे विचारावे.

पश्चिम वीथीवर याचे एक उत्तर मिळते, निदान अर्धे. इथेच बंगारू कामाक्षीचे मंदिर आहे. कांचीहून स्थलांतर करत आलेल्या सोन्याच्या मूर्तीला तुळजाजी दुसऱ्याने ते बांधून दिले. श्यामा शास्त्री तिथले पुजारी: तमिळ घरातला माणूस, मराठी राजाच्या गावात, बहुतांशी तेलुगूत रचना करणारा. भरतनाट्यमच्या कार्यक्रमाला अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा क्रम घालून देणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चौघे भाऊही याच रस्त्यावरचे. या गल्लीत भाषा कुळावर ठरत नव्हती, कामावर ठरत होती: गाण्याला तेलुगू, देवळाला तमिळ, शास्त्राला संस्कृत, आणि मराठीकडे दरबार, हिशेब, कीर्तन. अशी मराठी महाराष्ट्राकडे पाठवायची गरजच कुणाला पडली नाही. ती इथल्या उपयोगाची होती.

म्हणून राज्य गेल्यावर तिचे काय होणार हे ठरलेलेच होते. सरफोजीचा मुलगा शिवाजी १८५५ च्या ऑक्टोबरात वारसाविना मेला. कंपनीने किल्लाच नव्हे तर राजाची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या न्यायालयात दावा जिंकला, पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. हे सार्वभौम सत्तेचे कृत्य आहे, न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही, असा तो निकाल. कायद्याच्या पुस्तकांत तो अजून उद्धृत होतो. ग्रंथालय वाचले, आणि १९१८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. दरबाराचे मोडी कागद मात्र गठ्ठ्यांत बांधलेले राहिले. पुढे त्यांतल्या बऱ्याच कागदांचे भाषांतर झाले ते तमिळमध्ये, तंजावरच्याच तमिळ विद्यापीठाकडून. आज तंजावरच्या मराठी दरबाराचा रोजचा व्यवहार, कुणाला किती तांदूळ, कुठल्या छत्रात किती माणसे जेवली, हे जाणून घ्यायचे तर मराठी अभ्यासकाला आधी तमिळ शिकणे सोपे पडते. मला यात मानहानी दिसत नाही. ज्यांच्या गावाचा तो इतिहास आहे त्यांनी तो आपल्या भाषेत आणला. आपण आणला नाही, एवढेच.

सांबाराचे नाव संभाजीवरून पडले ही गोष्ट सांगणारे इथे हमखास भेटतात. तिच्यापेक्षा मला कीर्तनाची हकीकत मोलाची वाटते, कारण तिला माणसांची नावे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर रामचंद्रबुवा तंजावरात येऊन कीर्तने करू लागले. ती ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले, आणि साकी, दिंडी, ओवी हे छंद मराठी न जाणणाऱ्या श्रोत्यांच्या ओळखीचे झाले. दक्षिणेतल्या भजनी मंडळांत अभंग आजही गातात. गाणारे ते तमिळ लिपीतून वाचतात.

तसले एक छोटे पुस्तक मी पश्चिम वीथीवरून घेतले. तमिळमध्ये क, ख, ग, घ यांना एकच अक्षर. ट, ठ, ड, ढ यांनाही एकच. म्हणून छापताना अक्षराच्या खांद्यावर बारीक आकडे देतात: काही नसेल तर पहिले, दोन असेल तर दुसरे. पानोपान विठ्ठल आहे, आणि त्याच्या प्रत्येक ठवर दोनचा आकडा आहे.