रसेलला शिकवणार कोण?

बास्केटबॉलच्या सामन्याचा तक्ता वाचायला मी फार उशिरा शिकलो, तेही आपले आपणच. प्रत्येक खेळाडू किती मिनिटे खेळला, हे त्यात मांडलेले असते. बाजूला बसलेल्या प्रशिक्षकाचा हिशेब मात्र कुठेच नसतो. ५ मे १९६९ च्या सामन्यात बोस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलपुढे ४८ मिनिटे, म्हणजे अख्खा सामना, लिहिलेला आहे. त्या दिवशी सेल्टिक्सचा प्रशिक्षकही तोच होता.

१९६६ मध्ये रेड आउरबाख प्रशिक्षकपद सोडत होता. त्याने टॉम हाइनसनला विचारले. रसेलला सांभाळणे आपल्याला जमणार नाही, ते रसेललाच जमेल, असे हाइनसनने सांगितले. अशा रीतीने एनबीएला पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक मिळाला. गोऱ्या खेळाडूंना तो न्याय देईल का, हा प्रश्न त्याला पत्रकारांनी पहिल्याच भेटीत विचारला. बोस्टनजवळच्या रीडिंग गावात ज्याच्या घरात घुसून लोकांनी नासधूस केली होती, त्याला हा प्रश्न!

पहिला हंगाम कडू गेला. सलग आठ विजेतेपदांनंतर सेल्टिक्स १९६७ मध्ये फिलाडेल्फियाकडून ४-१ असे हरले. पुढच्या वर्षी त्याच संघाविरुद्ध १-३ अशा पिछाडीवरून मालिका जिंकून त्यांनी विजेतेपदही परत आणले.

१९६९ मध्ये संघ थकलेला होता. पूर्व विभागात चौथा. तरी अंतिम मालिकेचा सातवा सामना गाठला. लॉस एंजेलिसच्या सभागृहात यजमानांच्या विजयासाठी छताला फुगे बांधून ठेवलेले होते. पाचएक मिनिटे उरली असताना लेकर्सचा विल्ट चेंबरलेन गुडघा दुखावून बाहेर आला. पुन्हा उतरायची तयारी त्याने दाखवली, पण प्रशिक्षक व्हॅन ब्रेडा कोल्फने त्याला घेतले नाही. त्या दोघांचे आधीपासूनच पटत नव्हते. सेल्टिक्स १०८-१०६ असे जिंकले, फुगे वरच राहिले.

माझ्या मते मालिकेचा निकाल या बाकावरच्या फरकात आहे. एकीकडे खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्यात अबोला होता. दुसरीकडे ते दोघे एकाच माणसात नांदत होते. रसेलला जे सांगायचे असे, ते तो करून दाखवी.

या सोयीची किंमत पुढे कळली. त्याच वर्षी तो खेळातून निवृत्त झाला. १९७३ ते १९७७ या काळात सिअ‍ॅटलला त्याने पहिल्यांदा बाद फेरीत नेले, पण एकूण १६२ विजय आणि १६६ पराभव. १९८७-८८ मध्ये सॅक्रामेंटोत ५८ सामन्यांत १७ विजय, आणि हंगाम संपण्यापूर्वीच पद गेले. बाजूला उभे राहून शिकवायची वेळ आली, तेव्हा रिबाउंड घेणारा रसेल त्याच्या संघात नव्हता.

म्हणून बोस्टनची दोन विजेतेपदे खेळाडूच्या खात्यावर टाकावीत का? बराच काळ तसेच झाले. हॉल ऑफ फेममध्ये खेळाडू रसेल १९७५ मध्ये दाखल झाला, प्रशिक्षक रसेल २०२१ मध्ये. पुढच्याच वर्षी, ३१ जुलै २०२२ रोजी तो गेला. त्याच्या खांद्यावरच्या दुसऱ्या ओझ्याची नोंद व्हायला ४६ वर्षे लागली. १९६९ चा तो तक्ता मी अजून अधूनमधून काढतो. ४८ मिनिटे. बाकावर बसून विचार करायला त्याला एक मिनिटही मिळाले नव्हते.