नाताळ २५ डिसेंबरला, मग लगबग आधीपासूनच का? जोगेश्वरीतल्या आगमनकाळाची गोष्ट

मॉलमध्ये नोव्हेंबरातच ख्रिसमस ट्री उभे राहतात. चर्चमध्ये मात्र तेव्हा सजावट बेताचीच असते. कारण चर्चच्या दिनदर्शिकेत नाताळ २५ डिसेंबरला संपत नाही, तेव्हा तो सुरू होतो. त्याआधीचा काळ तयारीचा. जोगेश्वरीसारख्या उपनगरातल्या अनेक कुटुंबांसाठी एकत्र येण्याचे खरे दिवस हेच.

आगमनकाळ म्हणजे काय?

नाताळच्या आधीच्या चार रविवारांनी बांधलेला हा काळ. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. त्यामुळे आगमनकाळ कधी २२ दिवसांचा असतो, तर कधी २८. दर रविवारी एक मेणबत्ती वाढत जाते. तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारची, म्हणजे आता आनंद करा, सण जवळ आला. १६ ते २४ डिसेंबर या नऊ दिवसांत अनेक ठिकाणी नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना होते.

जोगेश्वरीत कोण साजरा करतं?

जोगेश्वरी साष्टी बेटाचा भाग. १५३४ साली वसईच्या तहाने हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला आणि इथल्या काही गावांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांची भाषा मात्र मराठीच राहिली. हाच ईस्ट इंडियन समाज. हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, संघटना उभारताना घेतलं. 'नाताळ' हा शब्दही पोर्तुगीजच.

पुढे गोवा, मंगळूर, केरळ, तमिळनाडूकडची कुटुंबंही उपनगरांत आली. जोगेश्वरी पूर्वेला इन्फंट जीझस चर्च आहे, तर पश्चिमेला लागून असलेल्या आंबोलीत सेंट ब्लेझ चर्च. मुंबईतल्या मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातली गाणी म्हटली जातात. त्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या रचना आहेत.

घरात काय चालतं?

फराळ. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच. कुलकुल करताना पिठाची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कंगव्यावर दाबून गुंडाळतात, मग तळतात. मिल्क क्रीम, मार्झिपान, पेरूच्या वड्या वेगळ्याच. किलोभर पिठाचे कुलकुल एकट्याने वळायचे तर दिवस जातो. म्हणून आत्या, मावश्या, सुना, शाळेला सुट्टी लागलेली मुलं असे सगळे एका घरी बसतात. गावठाणातल्या मोठ्या घरात हे आपोआप व्हायचं. आता भाऊ-बहिणी मीरा रोड, वसई, नाहीतर आखातात. त्यामुळे एक रविवार ठरवून, ग्रुपवर कळवून जमावं लागतं. फराळ विकत मिळतोच, पण ही बैठक विकत मिळत नाही.

गोठा उभारणं हे मुलांचं काम. आठ-दहा दिवस आधी ताटलीत नाचणी पेरतात. तिचे हिरवे कोंब म्हणजे बेथलेहेमचं शेत. बाळ येशूची मूर्ती मात्र २४ च्या रात्रीपर्यंत अनेक घरांत ठेवत नाहीत. असा देखावा पहिल्यांदा संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात केल्याचं सांगतात.

कॅरोल गाणारे का येतात?

चर्चचे तरुण गिटार घेऊन, एखाद्याला सांता बनवून घरोघरी जातात. दोन गाणी, छोटी प्रार्थना, थोडा खाऊ. जमलेली वर्गणी बहुधा गरजूंसाठी वापरतात. जिना उतरता न येणाऱ्या आजी-आजोबांसाठी चर्चच घरी आल्यासारखं होतं. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल, तिथे सजावट नसते. पण तिथेही ही मंडळी जातात आणि हळू आवाजात गातात.

मध्यरात्रीची मिस्सा लवकर का?

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ही मुदत १२ पर्यंत वाढवू शकतं. मैदानात मिस्सा असेल, तर अनेक चर्च ती त्यामुळे आधीच सुरू करतात. वेळ चर्चच्या फलकावर पाहून घ्यावी.

तुम्ही शेजारी असाल तर?

- मिस्सेला बसायला सहसा कुणी अडवत नाही. मागच्या बाकांवर बसा, फोन बंद ठेवा.
- कॅथलिक चर्चमध्ये कम्युनियन फक्त कॅथलिकांसाठी असतं. त्या वेळी जागेवर बसून राहिलात तरी चालतं.
- कॅरोलची मंडळी इमारतीत आली तर दार उघडून ऐका.
- नाताळचं ताट तुमच्या घरी आलं तर डबा रिकामा परत करू नका. दिवाळीतल्या करंज्यांचा हिशेब असाच चालतो.
- २५ ला भेट हुकली तरी हरकत नाही. कॅथलिक चर्चचा नाताळ जानेवारीत, येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. शुभेच्छा तेव्हाही देता येतात.