विरलेल्या लुगड्याची गोधडी

नऊवारी लुगडं विरलं, तरी जुन्या मराठी घरात ते वाया जात नसे. झिजलेला भाग गोधडीच्या पोटात जाई, धड पदर वर येई, मजबूत काठ कडेला लागे. अगदी विरलेल्या जागी ठिगळ बसे. धावदोरा कडेने सुरू होऊन चौकोनी फेरे घेत मध्यावर पोचे; आतले थर मग गोळा होत नसत.

 

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघरी पॉलिएस्टरमिश्रित कापड वाढलं. ते टिकतं खूप, पण घाम सुती कापडाइतका टिपत नाही. म्हणून असे तुकडे गोधडीच्या पोटात घालावेत आणि अंगाला लागणारी बाजू मऊ सुती साडीचीच ठेवावी.