मध्यरात्रीचा सूर्य : थुटमोस तिसऱ्याच्या कबरीतील बारा तास

१/ मावळलेला सूर्य रात्रभर कुठे असतो? प्राचीन इजिप्तने या प्रश्नाचे उत्तर राजाच्या कबरीतच चितारून ठेवले. आजच्या थ्रेडमध्ये त्या बारा तासांचा प्रवास पाहू.

२/ फेरो थुटमोस तिसरा इ.स.पू. १४२५च्या सुमारास मरण पावला. लक्सरजवळच्या राजांच्या दरीत, उंच कड्याच्या कपारीत खोदलेली त्याची कबर व्हिक्टर लोरे या फ्रेंच अभ्यासकाने १८९८ मध्ये शोधली.

३/ शवपेटीच्या दालनाच्या भिंतींवर 'आमदुआत' हा ग्रंथ आहे. या नावाचा अर्थ 'पाताळात जे आहे ते'. फिकट पार्श्वभूमीवर काळ्या-लाल रेषांच्या काटकुळ्या आकृती आहेत. जणू पपायरसची एखादी प्रचंड गुंडाळी भिंतींवर उलगडली आहे.

४/ संध्याकाळी वृद्ध झालेला सूर्यदेव रा मेंढ्याच्या मस्तकासह नौकेतून पाताळात शिरतो. चौथ्या तासाला पाणी संपते. नौका सर्परूप घेते आणि वाळूवरून ओढली जाते.

५/ सहावा तास मध्यरात्रीचा. येथे सूर्याला स्वतःचेच मृत शरीर भेटते. अनेक मुखांच्या सर्पाने त्याला वेढले आहे. हाच देह मृतांचा स्वामी ओसायरिसचाही मानला जाई. आत्मा आणि देह एक होतात आणि सर्वांत गडद अंधारात नवे तेज जागे होते.

६/ सातव्या तासाला अपोफिस हा महासर्प वाट अडवतो. इसिसच्या मंत्रबळाने नौका पुढे सरकते. बाराव्या तासाला ती एका अजस्र सर्पाच्या शेपटीतून शिरून मुखातून बाहेर पडते. वृद्ध सूर्य आता खेप्री, म्हणजे भुंग्याच्या रूपातला बालसूर्य झालेला असतो.

७/ शेवटच्या चित्रात एक तपशील सहज नजरेतून निसटतो. सूर्य वर निघतो, पण ओसायरिसची ममी मागेच राहते. राजाचेही तसेच : आत्मा सूर्यासोबत उगवणार, देह कबरीत राहणार आणि रोज रात्री दोघांची भेट होणार. म्हणून देह टिकणे अत्यावश्यक होते.

८/ मात्र लोरे आत शिरला तेव्हा शवपेटी रिकामी होती. चोरांनी कबर पूर्वीच लुटली होती. पुरोहितांनी राजाचा विच्छिन्न देह पुन्हा गुंडाळून शेवटी दैर अल-बहारीच्या एका गुप्त दालनात लपवला. १८८१ मध्ये तो तेथेच सापडला. त्या पुरोहितांच्या दृष्टीने ही केवळ मृताची शुश्रूषा नव्हती. रात्री परतणाऱ्या आत्म्यासाठी त्यांनी घर राखले होते.